बुद्धाकडे पाठ करून सेल्फी नको: श्रीलंकेला निघण्याआधी हे ऐका

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

इअरफोन नीट लावा, आज आपण समुद्र ओलांडून श्रीलंकेला जातोय.

गेल्या काही आठवड्यांत श्रीलंकेबद्दल तुमचे खूप मेसेज आले. बजेट किती, किती दिवस पुरतील, ती निळी ट्रेन कुठे मिळते, असे नेहमीचे प्रश्न. पण एक मेसेज वेगळा होता. एका मुलाने लिहिलं होतं, "ताई, तिकिटं काढून झालीत. हातावर बुद्धाचा टॅटू आहे. मित्र म्हणतो एअरपोर्टवरूनच परत पाठवतात. खरं आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येईल आणि मी ते देणारही आहे. पण हा प्रश्न वाचला आणि वाटलं की यावर अख्खा भाग करायला हवा. कारण श्रीलंकेत आपल्याकडून ज्या चुका होतात त्या व्हिसाच्या किंवा पैशाच्या फारशा नसतात. त्या होतात "बुद्ध तर आपलाच की" असं म्हणत आपण बिनधास्त आत शिरतो तेव्हा.

आधी कामाच्या गोष्टी उरकून घेऊ.

निघण्याआधी

मुंबईहून कोलंबो विमानाने साधारण अडीच तास. घड्याळ बदलायचं नाही, तिथली आणि आपली वेळ एकच आहे. विमानतळ कोलंबो शहरात नाही, तो कटुनायकेला आहे, नेगोंबो गावाजवळ. त्यामुळे रात्री उशिरा उतरणार असाल तर पहिली रात्र नेगोंबोलाच काढा, सकाळी आरामात पुढे निघा.

जाण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, तिला ईटीए म्हणतात. तिची फी आणि सवलती वारंवार बदलत असतात, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून जाऊ नका. श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करा. गुगलवर शोधलं की हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी पानं वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टची मुदत अजून निदान सहा महिने शिल्लक हवी.

पैसे. तिथेही रुपयाच आहे, पण श्रीलंकेचा. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीनच्या आसपास मिळतात, भाव वर-खाली होतो. फेब्रुवारी 2024 पासून तिथे काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं. "काही" हा शब्द लक्षात ठेवा. गावातली बस, देवळाबाहेरची फुलवाली, शहाळंवाला यांच्यासाठी रोख हवीच. शहाळ्यावरून आठवलं, तिथलं नारिंगी शहाळं, थंबिली, सोडू नका.

रिक्षाला तिथे थ्री-व्हील म्हणतात. शहरात पिकमी नावाचं ॲप टाका, भावावरून वाद होत नाहीत. आजारी पडलात तर 1990 हा मोफत ॲम्ब्युलन्सचा नंबर आहे. ही सेवा भारताच्या मदतीने सुरू झालेली आहे. पोलिसांसाठी 119.

पाऊस. इथे बरेच जण गंडतात. श्रीलंकेला दोन मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून, म्हणजे कोलंबो, गॉल, कँडी, डोंगराळ भाग ओला. त्या वेळी पूर्व किनारा, त्रिंकोमाली वगैरे, छान असतो. डिसेंबर ते मार्च याच्या उलट: दक्षिण आणि पश्चिम किनारा छान, पूर्वेला पाऊस. डोंगरातली रेल्वे दरडी कोसळल्या की बंद पडते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा.

आणि कॅलेंडरमध्ये पौर्णिमा कधी आहे ते बघा. का, ते पुढे सांगते.

डोळे सगळ्यात शेवटी

आता मूळ मुद्दा.

आपल्याकडे बुद्ध कुठे कुठे दिसतो ते आठवा. हॉलमध्ये टीव्हीशेजारी. कॅफेच्या भिंतीवर. स्पाच्या दारात पाण्याच्या कारंज्यात. कुंडीच्या आकारात, डोक्यातून मनीप्लँट निघालेला. नुसतं डोकं, धड नाही. टीशर्टवर, चपलेवर, मोबाइल कव्हरवर. आपल्याला त्यात काही वाटत नाही. "शांत वाटतं बघून," एवढंच.

श्रीलंकेत मूर्ती घडते तेव्हा कारागीर डोळे सगळ्यात शेवटी रंगवतो. त्या विधीला नेत्र मंगल्य म्हणतात. मुहूर्त काढलेला असतो. आणि परंपरा अशी की कारागीर मूर्तीच्या डोळ्यांत थेट बघत नाही. तो मूर्तीकडे पाठ करून, हातात आरसा धरून, आरशात बघत डोळे रंगवतो. कारण डोळे उघडले की ती दगडाची किंवा विटांची वस्तू राहत नाही. तिथे कोणीतरी बघतंय.

हे आपल्याला समजायला खरं तर अवघड नाही. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी कोण करतं? सगळ्यात जुना, सगळ्यात स्थिर हाताचा माणूस. आणि प्राणप्रतिष्ठा झाली की त्याच गणपतीकडे पाय करून आपण झोपत नाही. काल दुपारपर्यंत टेम्पोत ठेवलेली मूर्ती असते, पण आज तसं करवत नाही.

बस, हीच किल्ली. श्रीलंकेतला बुद्ध हा देव आहे की नाही यावर अभ्यासक बोलतील. थेरवाद परंपरेत तो निर्माता देव नाहीच, तो गुरू आहे. पण वागण्यापुरतं एवढं धरा की समोर एक फार मोठी, वयाने आणि मानाने मोठी व्यक्ती बसलेली आहे आणि ती तुमच्याकडे बघतेय. घरात आजोबा खुर्चीत बसलेत आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून, जीभ बाहेर काढून, दोन बोटं दाखवत फोटो काढाल का? मग तिथेही नाही काढायचा. पंधरा नियम पाठ करायची गरज नाही. हा एक प्रश्न स्वतःला विचारला की पंधरापैकी चौदा नियम आपोआप पाळले जातात.

मग टॅटूचं काय?

तीन खऱ्या घटना सांगते. नावं घेत नाही, गरज नाही.

2012. तीन फ्रेंच पर्यटक. त्यांनी देवळात बुद्धमूर्तीला किस करतानाचे वगैरे फोटो काढले आणि गॉलला एका स्टुडिओत प्रिंट करायला दिले. फोटो बघून स्टुडिओतून पोलिसांना कळवलं गेलं. कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, ती स्थगित ठेवली, पण गुन्हा नोंदला गेला तो गेलाच.

2014. एक ब्रिटिश महिला. दंडावर कमळात बसलेल्या बुद्धाचा टॅटू. विमानतळावर अटक, कोठडी, आणि परत पाठवणी. गंमत म्हणजे तिला बौद्ध विचारांबद्दल आदर होता, म्हणूनच तो टॅटू होता. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 2017 मध्ये जिंकली. न्यायालय म्हणालं की या अटकेला कायद्याचा आधार नव्हता, आणि तिला आठ लाख श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली.

तर त्या मुलाला माझं उत्तर: तुझ्या मित्राने सांगितलं ते पूर्ण खोटं नाही. टॅटू आहे म्हणून सरसकट परत पाठवतात असं नाही, आणि न्यायालयाचा निकाल तुझ्या बाजूचा आहे. पण तो निकाल यायला तीन वर्षं लागली, आणि तिची सुट्टी तर गेलीच. म्हणून पूर्ण बाहीचा शर्ट घाल. विमानात बसतानाच घाल, आणि तिथे असेपर्यंत टॅटू झाकलेला ठेव. पायावर, पोटरीवर असेल तर आणखी काळजी घे, कारण पाय हा शरीराचा सगळ्यात खालचा भाग आणि तिथे बुद्ध म्हणजे त्यांच्या मनाला फारच लागतं. बुद्धाचं चित्र असलेला टीशर्ट, झोला, टॉवेल घरीच ठेवा.

तिसरी घटना 2015 ची, आणि ती परदेशी माणसाची नाहीच. सिगिरियाच्या प्रचंड खडकावर एक आरशासारखी गुळगुळीत भिंत आहे, तिच्यावर शेकडो वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी लिहिलेल्या कविता आहेत. एका तरुण श्रीलंकन मुलीने त्या भिंतीवर आपलं नाव कोरलं. दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्रपतींनी माफी दिली म्हणून ती सुटली. आपल्या लेण्यांमध्ये, किल्ल्यांवर, बदाम काढून नावं कोरणाऱ्यांनी हे दोनदा ऐका. आणि सिगिरियाच्या त्या प्रसिद्ध भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. "फ्लॅश नको" एवढंच नाही, फोटोच नको.

देवळात शिरताना

खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले. मुलग्यांनाही हे लागू आहे, बर्मुडा चालत नाही. स्थानिक लोक बहुतेक पांढऱ्या कपड्यांत येतात. तुम्ही पांढरंच घालायला हवं असं नाही, पण साधं, सैल, फिकट रंगाचं घातलंत तर गर्दीत मिसळून जाता.

चपला बाहेर. टोपीसुद्धा काढायची, हे आपण विसरतो. आणि आता एक अगदी व्यावहारिक टिप: अनुराधपुरात, पोलोन्नारुवात अंगणं दगडाची आणि मोठी आहेत. दुपारी बारा वाजता अनवाणी चाललात तर फुगडी घालत पळाल. जाड मोजे बॅगेत ठेवा, मोजे घालून चालतं. किंवा सरळ सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जा.

पायरीपाशी अर्धचंद्राच्या आकाराचा कोरीव दगड दिसेल, हत्ती, घोडे, हंस कोरलेला. त्याला संदकड पहन म्हणतात, चंद्रशिळा. जुन्या अवशेषांत त्याच्यावर उभं राहून फोटो काढू नका, ती नुसती पायरी नाही.

स्तूपाभोवती फिरायचं ते उजवीकडून, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो तसंच. फुलं घेतलीत तर वास घेऊ नका. आपल्याकडेही देवाच्या फुलाचा वास घेत नाहीत, तोच हिशेब. फुलं दोन्ही हातांनी ठेवायची. तिथे फुलं ठेवताना मनात धरायची गोष्ट म्हणजे "मला हे दे" अशी मागणी नसते. हे फूल जसं कोमेजणार तसं माझं शरीरही, हा विचार असतो. एवढं माहीत असेल तर नुसतं बघत उभं राहण्यातही अर्थ वाटतो.

फोटो. मूर्तीचा फोटो बहुतेक ठिकाणी चालतो. मूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो चालत नाही. पोलोन्नारुवाच्या गल विहारात एकाच खडकातून कोरलेल्या भव्य मूर्ती आहेत, तिथले रखवालदार याबाबत डोळ्यांत तेल घालून असतात. काय करायचं? बाजूला उभे राहा, तोंड मूर्तीकडे ठेवा, दुसऱ्याला फोटो काढू द्या. फोटो उलट जास्त चांगला येतो. मूर्तीवर चढणं, मांडीवर हात ठेवणं, तिची मुद्रा करून शेजारी बसणं, रील करणं, यातलं काही नको. खाली बसलात तर पाय मूर्तीच्या दिशेने पसरू नका. मांडी घाला किंवा बाजूला दुमडा.

कँडीच्या दंतमंदिरात, दळदा मालिगावात, बॅगा तपासतात, रांग लावतात. कटकट वाटते, पण 1998 मध्ये या मंदिरावर ट्रकबॉम्बचा हल्ला झाला होता. त्या तपासणीमागे ते आहे. तिथे दिवसातून तीन वेळा पूजा होते, ढोल वाजतात, आणि ज्या दालनात बुद्धाचा दात ठेवलाय त्याचा दरवाजा उघडतो. दात दिसत नाही, दिसतो तो सोन्याचा करंडक, आणि तोही काही क्षण. मागून लोक ढकलत असतात, पुढच्या आजीबाई डोळे मिटून उभ्या असतात. फोन खाली ठेवा. "दळदा" शब्दाचं मूळ पालीतल्या "दाठा"त आहे, आणि आपली "दाढ" त्याच घरातली. मला हे कळलं तेव्हा तो दरवाजा एकदम ओळखीचा वाटायला लागला.

भन्ते भेटले तर

बसमध्ये पुढच्या सीटवर "भिक्षूंसाठी राखीव" असं लिहिलेलं असतं. रिकामी दिसली म्हणून बसलात आणि भन्ते चढले तर लगेच उठा, कोणी सांगायची वाट बघू नका.

भिक्षूंशी हात मिळवायचा नाही. हात जोडा, थोडं वाका. ते बसलेले असतील तर त्यांच्यापेक्षा उंचावर बसू नका. मुलींनी विशेष लक्षात ठेवा: भिक्षूंना स्पर्श होणार नाही अशा बेताने वागायचं. काही द्यायचं असेल तर समोर ठेवा, किंवा सोबतच्या पुरुषाकडून द्या. यात आपला अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. तो त्यांच्या व्रताचा नियम आहे, पाळायची जबाबदारी त्यांची आहे, आपण फक्त तो मोडायला लावायचा नाही. दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत, म्हणून संध्याकाळी बिस्किटांचा आग्रह नको.

आणि सावध राहा. पर्यटनाच्या ठिकाणी चीवर घालून पैसे मागणारे भेटतात. दान द्यायचंच असेल तर विहारातल्या दानपेटीत टाका. तसंच, रस्त्यात कोणी गोडगोड बोलत "आज खास हत्तींची मिरवणूक आहे, आजचाच दिवस, चला माझ्या रिक्षात" म्हणालं तर हसून पुढे चला.

पौर्णिमेची गोष्ट

आता पौर्णिमा. तिथे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. बारा महिन्यांच्या बारा पोया, प्रत्येकीला नाव आणि गोष्ट. त्या दिवशी दारू विकत मिळत नाही, मांसाची दुकानं बंद, बार बंद. बीचवर पार्टी करायला गेलेल्या ग्रुपचा नेमका तोच दिवस निघाला की चेहरे बघण्यासारखे होतात! हॉटेलवाल्याशी हुज्जत घालू नका, "मागच्या दाराने दे" म्हणू नका, त्याचा परवाना जाऊ शकतो.

त्याऐवजी त्या दिवशी देवळात जा. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं, दिवसभर शील पाळायला बसलेल्या आज्या, तेलाच्या दिव्यांच्या ओळी. मे महिन्यातली वेसाक पोया म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. घरोघरी कागदी आकाशकंदील लागतात, अगदी आपल्या दिवाळीसारखे. आणि रस्त्यावर दन्सल लागतात, म्हणजे फुकट जेवणाचे, सरबताचे मांडव. येणारी-जाणारी बस थांबवून लोक तुम्हाला खायला बोलावतात. पैसे देऊ नका, ते घेणार नाहीत आणि वाईट वाटेल. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना कोणी चहा दिला तर त्याला आपण दहाची नोट देतो का? आनंदाने खायचं, हात जोडायचे, रांगेत मागच्याला जागा द्यायची.

खाणं

बौद्ध देश म्हणजे शाकाहारी देश, हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. मासे तिथे रोजचं अन्न आहे. आणि शाकाहारी मंडळींसाठी खास इशारा: पोल सांबोल, म्हणजे खोबऱ्याची लाल चटणी, दिसायला अगदी आपली. पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो. भाजीतही असू शकतो. "मस मालु नेतुव" म्हणा, म्हणजे मांस-मासे न घालता. यावर कोणी नाक मुरडत नाही. डाळीला परिप्पु म्हणतात, ती सगळीकडे मिळते. भात, डाळ, फणसाची भाजी, केळफूल. कोकणातल्या माणसाला तर परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. जेवायचं हाताने, उजव्या हाताने.

बोलताना

भेटल्यावर हात जोडून "आयुबोवन". अर्थ: आयुष्यमान व्हा. आभाराला "स्तुती". "कृपया" म्हणायचं तर "करुणाकर". आपल्यापेक्षा मोठ्या बाईला "अक्का" म्हटलं की चालतं, हे तर आपलंच. पण उत्तरेला जाफन्यात, पूर्वेला, चहाच्या मळ्यांत तमिळ बोलणारे लोक आहेत. तिथे "वणक्कम" आणि "नंद्री". श्रीलंकेत सुमारे 70 टक्के लोक बौद्ध आहेत, पण बाकीचे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्तीही त्याच देशाचे आहेत. जाफन्याच्या नल्लूर मंदिरात पुरुषांना शर्ट काढूनच आत जावं लागतं. म्हणजे "झाकलं की झालं" हा नियमही सगळीकडे चालत नाही, दारात उभं राहून बघायचं की बाकीचे काय करतायत.

दोन विषय जपून. पहिला रावण. आपण तिथे रामायणातल्या जागा बघायला जातो, जरूर जा. पण तिथल्या बऱ्याच जणांसाठी रावण हा शूर आणि विद्वान राजा आहे. श्रीलंकेने 2019 मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहाचं नाव रावणा 1 होतं! गाइडसमोर "अरे तुमचा तो राक्षस" असे विनोद नकोत. दुसरा विषय युद्ध. 1983 ते 2009, 26 वर्षं तिथे यादवी चालली. तुमचा ड्रायव्हर चाळिशीचा असेल तर त्याचं बालपण आणि तारुण्य त्यात गेलंय. तो स्वतःहून बोलला तर ऐका. "तुम्ही कुठल्या बाजूचे?" असं विचारू नका.

आणि आपण?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

महावंस नावाचा श्रीलंकेचा जुना पाली ग्रंथ आहे. अशोकाच्या काळात धम्म सांगायला कोण कुठे गेलं याची यादी त्यात आहे. महिंद लंकेला गेला. आणि त्याच यादीत महाधम्मरक्खित नावाचा भिक्खू महारट्ठाला, म्हणजे आपल्याकडे आला. श्रीलंकेच्या आणि आपल्या गोष्टीचं पहिलं पान एकच आहे. पुढे 1950 च्या मे महिन्यात बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, नागपूरच्या दीक्षेच्या सहा वर्षं आधी. आज, 2011 च्या जनगणनेनुसार, महाराष्ट्रात 65 लाखांहून जास्त बौद्ध आहेत. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन आपल्या राज्यातले.

म्हणजे मूर्तीकडे "कोणीतरी बसलंय" या नजरेने बघणारी माणसं फक्त श्रीलंकेत नाहीत. ती तुमच्या वर्गात आहेत, ऑफिसात आहेत, शेजारच्या गल्लीत आहेत. त्यांच्या घरात बुद्ध टीव्हीशेजारी शोपीस म्हणून नसतो. तो त्यांच्या आजोबांनी खूप काही सोसून घरात आणलेला असतो. आपण मात्र विमानतळावर पकडतील म्हणून श्रीलंकेत शर्टाची बाही खाली ओढणार, आणि परत आल्यावर कुंडीतल्या बुद्धाच्या डोक्यावर पाणी घालणार. या दोन्हींचा मेळ बसतो का, हे मी सांगणार नाही, तुम्हीच बघा.

अनुराधपुरात रुवनवेलिसाय स्तूपापाशी संध्याकाळी बसले होते. पांढरा स्तूप, उन्हं उतरलेली. शेजारच्या एका कुटुंबाने त्रिशरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली. पाली भाषा, तेच शब्द, चाल फक्त वेगळी. माझ्या सोबत नांदेडची मैत्रीण होती, लहानपणापासून विहारात जाणारी. ती सहज त्यांच्यात मिसळून म्हणू लागली. त्या कुटुंबातल्या आजींनी तिच्याकडे वळून बघितलं. भाषा एकमेकींची येत नव्हती. म्हणून झाल्यावर त्यांनी आपल्या हातातली अर्धी कमळं तिच्या हातात दिली, आणि दोघी मिळून ठेवायला गेल्या. मी मागे बसून बघत होते. फोटो नाही काढला. काढला असता तरी त्यात काय आलं असतं?

शिष्टाचार म्हणजे दंड टाळायची युक्ती, असं समजून गेलात तर दहा दिवस घाबरत फिराल. समोर कोणीतरी बसलंय असं समजून गेलात तर सहज वागाल, आणि एखादं कमळ तुमच्याही हातात पडेल.

तर, यादी पुन्हा एकदा, पटकन: सरकारी संकेतस्थळावरूनच ईटीए. थोडी रोख. मान्सून कुठल्या बाजूला आहे ते बघा. पौर्णिमा कधी ते बघा. पूर्ण बाहीचा शर्ट, गुडघ्याखालचे कपडे, जाड मोजे. टॅटू झाकलेला. टोपी-चपला बाहेर, तोंड मूर्तीकडे, पाय दुसरीकडे.

कोणी श्रीलंकेला जाऊन आला असाल तर तुमचा अनुभव व्हॉइस नोटने पाठवा. आणि ज्याने टॅटूबद्दल विचारलं होतं त्याने परत आल्यावर नक्की सांग, प्रवास कसा झाला. हा भाग ज्या ग्रुपमध्ये ट्रिप ठरतेय तिथे आधी टाका, तिकिटं नंतर काढा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, आयुबोवन!